१० लाखांचा प्रश्न नव्हताच

"मॅडम, १० लाख भरून मोकळं व्हायचं का, एवढंच सांगा." माझ्याकडे समुपदेशनाला आलेले वडील खुर्चीत नीट टेकायच्या आतच बोलले. शेजारी ऋतुजा पर्सची चेन उघडबंद करत बसली होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला विचारूनच लिहितेय.)

घर लातूरकडचं, वडील माध्यमिक शाळेत शिक्षक. मुलगी शासकीय कॉलेजातून एमबीबीएस. नीट-पीजीची, म्हणजे पुढे तज्ज्ञ व्हायच्या प्रवेशपरीक्षेची, रँक अशी आली की रेडिऑलॉजी (एक्स-रे, सोनोग्राफीची शाखा) सोडाच, मनासारखी कुठलीच ब्रांच मिळेना. म्हणून ड्रॉप घेतला, म्हणजे थांबून पुन्हा परीक्षा द्यायचं ठरवलं, आणि तेवढ्यात बाँडची ऑर्डर आली: नंदुरबार जिल्हा, सातपुड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. शासकीय कॉलेजातून बाहेर पडलं की वर्षभर सरकारी सेवा, नाहीतर १० लाख दंड, असा तिच्या बॅचला नियम. पोरगी हो म्हणेना, नाही म्हणेना. दिवसभर रीडिंग रूममध्ये आणि संध्याकाळी पुस्तक सकाळच्याच पानावर.

असे आईवडील माझ्याकडे महिन्याला एकदोन तरी येतात. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: "नुसत्या एमबीबीएसला आजकाल कोण विचारतं?"

वडिलांना बाहेर बसवलं आणि मी एक चूक केली. तिच्या मनात गावाकडे जायचं असावं, घरच्यांमुळे अडली असेल, असं मीच ठरवून टाकलं. मग आमटे पती-पत्नी १९७३ साली हेमलकसाला गेले ते सांगितलं. बंग दांपत्याने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, तेही सांगितलं. ती मान डोलवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्यात तसलं काही नाहीये." आणि पर्स खांद्याला अडकवली.

त्या दिवशी घरी जाताना स्वतःचाच राग आला. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांपुढे आपण दोनच चित्रं टांगतो. एकीकडे पुण्यातलं डायग्नोस्टिक सेंटर, दुसरीकडे अख्खं आयुष्य वाहून घेतलेला ऋषी. वर्षभर नोकरी म्हणून नीट काम करून परत येणारा साधा मेडिकल ऑफिसर या चित्रांत कुठेच नसतो.

दुसऱ्या खेपेला मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने तिने इंटर्नशिपमधली एक रात्र सांगितली.

ग्रामीण पोस्टिंग होतं. बाई बाळंत झाली, वार पडली आणि रक्त थांबेना. मेडिकल ऑफिसर मीटिंगसाठी जिल्ह्याला गेलेले. ऋतुजाने रक्त थांबवायच्या इंजेक्शनची, ऑक्सिटोसिनची, अँप्यूल हातात घेतली आणि ती फरशीवर पडून फुटली. सिस्टरने दुसरी आणली, स्वतः भरली, टोचली. मग ऋतुजाचा हात धरून बाईच्या पोटावर ठेवला. "मॅडम, असं चोळत राहा. कडक लागेपर्यंत सोडायचं नाही." १०८ यायला पाऊण तास लागला. बाई वाचली. "मी फक्त रेफर चिठ्ठीवर सही केली," ऋतुजा म्हणाली. "आता तिथे सिस्टर माझ्याकडे बघणार. मी कोणाकडे बघू?"

म्हणजे प्रश्न १० लाखांचाही नव्हता आणि रेडिऑलॉजीचाही. अंधाऱ्या खोलीत सोनोग्राफीच्या स्क्रीनसमोर बसलं की पेशंटचं रक्त आपल्या हाताला लागणार नाही, एवढ्यासाठी तिला ती ब्रांच हवी होती.

डॉक्टरांच्या तुटवड्याची चर्चा बहुतेक वेळा जागांवर येऊन थांबते. जागा तर वाढल्याच: २०१४ च्या सुमारास देशात एमबीबीएसच्या ५१ हजारांच्या आसपास होत्या, आता लाखाच्या वर गेल्यात. तरी २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीत ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमीच होते. आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र असा निकष. तिथे मुलीला एकटीला बसवायचं आणि अडलंनडलं तर पुढच्या सामुदायिक केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञाची खुर्ची रिकामी. याला पोरं घाबरली तर त्यांना पैशाच्या मागे लागलेली म्हणायचं? मला ते पटत नाही.

मग आम्ही ध्येयबिय बाजूला ठेवलं आणि कामाचं बोललो. रुजू व्हायच्या आधी तीन आठवडे तिने ओळखीने एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये रात्रपाळ्या केल्या, सिस्टरांच्या हाताखाली. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या आणि खेड्यात दोन वर्षं काढलेल्या एका सीनियरचा नंबर मी मिळवून दिला. "रात्री तीनलाही उचलेन, पण आधी बीपी बघून मग फोन कर," असं त्या मॅडमनी तिला बजावलं. वडिलांना एवढंच म्हटलं, की सर, १० लाख भरले तरी ती अँप्यूल तिच्या डोक्यातून जायची नाही. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग विचारलं, "तिथे राहायला क्वार्टर तरी धड आहे का?"

क्वार्टर धड नव्हतं. पाऊस लागला की छत गळायचं. पहिल्या महिन्यात दोनदा रडून फोन आला, एकदा तर "पैसे भरायला सांगा बाबांना" इथपर्यंत. मी समजूत घातली नाही, नुसतं ऐकून घेतलं. वर्ष पुरं केल्यावर तिने पुन्हा नीट-पीजी दिली. या वेळी फॉर्म भरताना कोणती ब्रांच वर टाकायची हे तिचं अजून ठरत नाहीये. वडील मात्र नातेवाइकांना पहिल्यापासून "ती पीजीची तयारी करतेय" असंच सांगत आलेत. ते वर्ष त्यांच्या तोंडी अजून येत नाही.

बाँडच्या सहाव्या महिन्यात एकदा रात्री साडेअकराला माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा मेसेज पडला: "लाइट गेलीय, फ्रीज बंद. ऑक्सिटोसिन व्हॅक्सिनच्या आइस बॉक्समध्ये ठेवलं तर चालेल ना? एक बाई बाळंत होतेय, आठ सेंटिमीटरवर आहे."

मी चष्मा शोधेपर्यंत दुसरा आला. "सॉरी मॅडम, चुकून तुम्हाला गेला."