हत्तीचा पाऊस : पण आकाशात हत्ती कुठाय?

पार्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न. सोसायटीच्या भोंडल्यात पाटावर हत्ती काढला आणि फेर धरणार तोच पाऊस आला. आजी म्हणाल्या, "हा हत्तीचा पाऊस." लेकीने लगेच विचारलं, मग आकाशात हत्ती कुठाय?

हत्ती नाहीये. हात आहे.

सत्तावीस नक्षत्रांतलं तेरावं हस्त. पाच तारे म्हणजे पाच बोटं. (पाश्चात्त्यांना त्याच ताऱ्यांत कावळा दिसला.) संस्कृत 'हस्त'चं प्राकृतात 'हत्थ' झालं, मराठीत 'हात'. पण संस्कृतात सोंडेलाही 'हस्त' म्हणतात. सोंडवाला तो 'हस्तिन्', प्राकृतात 'हत्थी', आपल्याकडे 'हत्ती'. म्हणजे हात आणि हत्ती एकाच घरचे. त्यामुळे हस्ताच्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणणाऱ्यांना अडाणी समजू नये. परतीच्या पावसाचा तो गडगडाट ऐकल्यावर मला तरी बोटांपेक्षा हत्तीच पटतो.

एक घोटाळा मात्र टाळा. पंचांगात पावसाच्या नक्षत्रापुढे 'वाहन' दिलेलं असतं : बेडूक, मोर, गाढव, कधी हत्तीसुद्धा. ते दरवर्षी बदलतं. हस्ताचं वाहन गाढव असलं तरी पाऊस हत्तीचाच!

आता खरी गंमत. 'हस्त लागला' म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला, साधारण २७ सप्टेंबरला. तिथे तो तेरा-चौदा दिवस असतो. सूर्यच शेजारी, म्हणजे तारे त्याच्यासोबत दिवसा उगवणार आणि दिवसाच मावळणार. हत्तीचा पाऊस पडत असताना ढग नसते तरी हस्त दिसलाच नसता.

लेकीला तो मे महिन्यात दाखवा, मध्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं. पाठीमागे उत्तरेला असलेल्या सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती, मग पांढरी चित्रा, आणि तिच्या उजवीकडे थोडा खाली वाकडातिकडा चौकोन. तोच हस्त. मुंबईच्या उजेडात चारच बोटं दिसतील, पाचवं फार मंद आहे. हात लांब करून मूठ धरली की तो चौकोन अख्खा तिच्यामागे झाकला जातो.