सोमवारी तुमची वाट कोण पाहतं?

प्रश्न : ताई, मी 67 वर्षांचा आहे. सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो, मानेवाड्याला राहतो. सौ. दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला. बीपी आहे, शुगर आहे, उजवा गुडघा दुखतो. ज्येष्ठांच्या मंडळात जातो, पण तिथे वाढदिवस, सत्कार आणि राजकारणाच्या गप्पा. एका संस्थेत काम मागायला गेलो तर त्यांनी देणगीचं पावतीपुस्तक पुढे केलं. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, आता काऊन धावपळ करता? आराम करा ना." आराम करूनच थकलो आहे. जन्मभर आकडे जुळवले. माझा आता लोकांना काय उपयोग?

उत्तर : भाऊ, तुमच्या घरून मानेवाडा रोडने निघालं की तुकडोजी पुतळ्याचा चौक लागतो आणि पुढे मेडिकल, म्हणजे आपल्या नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना. तुमच्यासाठी काम तिथेच आहे. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

मेडिकलला नागपूरची माणसं येतात तशी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाची येतात, तिकडून बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचीही येतात. रात्रभर प्रवास करून आलेली असतात. एका पिशवीत भाकरी, दुसरीत रिपोर्ट. आधी केसपेपरची रांग, मग ओपीडीची. डॉक्टर चिठ्ठी देतात, रक्त तपासा, एक्स-रे काढून आणा. ती खिडकी कुठे, पैसे कुठे भरायचे, रिपोर्ट कधी मिळणार, काही कळत नाही. त्यात कुणीतरी सांगतं, "सुपरला जा." सुपर स्पेशालिटी ही तुकडोजी चौकाजवळची वेगळी इमारत, हे आपल्याला ठाऊक. गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला कसं ठाऊक असणार? तो मेडिकलच्याच आवारात विचारत फिरतो. तोवर खिडकी बंद होते. मग आणखी एक रात्र व्हरांड्यात, आणि सोबत आलेल्या पोराची मजुरी बुडते ती वेगळी. सिस्टर आणि वॉर्डबॉय सांगतात, पण त्यांच्यामागे वॉर्ड असतो. कागद हातात घेऊन शांतपणे वाचायला तिथे कुणाजवळ दहा मिनिटं नसतात. ती तुमच्याजवळ आहेत.

आता तुमच्या आकड्यांबद्दल. ऑपरेशन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून व्हायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधार लागतं. आधारवर नाव सुमनबाई, रेशनकार्डावर सुमन, केसपेपर काढताना घाईत कुणी लिहिलं सुमती. एका कागदावर वय 58, दुसऱ्यावर 63. घरच्यांना यात काही वावगं दिसत नाही, त्यांच्यासाठी ती आईच असते. जन्मभर व्हाउचर तपासलेल्या माणसाला ही तफावत पहिल्या नजरेत दिसते. केसपेपरवरची चूक त्याच दिवशी खिडकीवर दुरुस्त झाली तर बरं. मंजुरीला कागद गेल्यावर कळली तर गावाहून कागद मागवा, पुन्हा रांग लावा, आणि पेशंट खाटेवर तसाच. तुम्ही विचारलंत ना, माझा उपयोग काय? हा उपयोग आहे, आणि तो लहान नाही.

आत शिरायचं ते परवानगीने. आपल्या सरकारी मोठ्या दवाखान्यांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक असतात, गरीब पेशंटची सोय बघणं हेच त्यांचं काम. त्यांना भेटा. अर्ज, फोटो आणि आधारची झेरॉक्स सोबत न्या. "मला समाजसेवा करायची आहे" असं सांगू नका, असं म्हणणारे रोज येतात आणि फोटो काढून जातात. "सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दोन तास येईन, फॉर्म भरेन, कागद तपासेन, खिडकी दाखवेन," एवढं सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जा. पेशंटच्या पैशाला हात लावायचा नाही. औषधाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, शेजारच्या काकूंना कशाने बरं वाटलं तेही नाही. आणि एक, मनावर घ्या : साहेबी घरी ठेवून जा. रांगेतल्या माणसावर कुणीही ओरडतं, तुम्ही ओरडू नका.

वार ठरलेला असावा, यावर मी अडून बसते. "जमेल तेव्हा येईन" म्हणणारा माणूस महिन्याभरात दिसेनासा होतो, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं. तुम्ही गेला नाहीत तर कुणीतरी विचारायला हवं, "काका आज दिसले नाहीत?" सौ. गेल्यापासून हे विचारणारं घरात कुणी नाही, तुमच्या पत्रात मला हेच वाचायला मिळालं. मंडळ सोडू नका, तिथे मित्र आहेत. पण तिथे तुमच्यावाचून काही अडत नाही.

तब्येतीचं. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास तेरा हजार माणसांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. वर्षाला शंभर तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास, असं काम करणाऱ्यांत पुढच्या चार वर्षांत मरणाचं प्रमाण कमी होतं, चालणं-फिरणं जास्त टिकलं, जगण्यात अर्थ वाटत होता. मुळात धडधाकट माणसंच असं काम जास्त करतात, अभ्यासकांनी हा हिशोब धरायचा प्रयत्न केला होता, तरी तो पूर्ण सुटत नाही. आणि त्याच अभ्यासात शुगर, बीपी, हृदयविकार यांत फरक दिसला नाही. म्हणून गोळ्या चालूच ठेवा. शुगरच्या गोळीवर उपाशी जाऊ नका, खिशात बिस्किटं असू द्या. गुडघ्यासाठी खुर्ची मागून घ्या, लाजू नका. मास्क लावा, छातीच्या ओपीडीपासून लांब बसा, घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय ताटावर बसू नका.

मुलाला सांगा, धावपळ नाही, ड्युटी आहे.

प्रश्न : सासूबाई 72 वर्षांच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नंदनवनला आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांना त्यांना लिहा-वाचायला शिकवायचं आहे. मागच्या मे महिन्यात त्यांना उन्हात भोवळ आली होती, म्हणून मी नको म्हणते. बायकाही लाजतात. काय करावं?

उत्तर : नको म्हणू नकोस गं, वेळ बदल. आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, नवतपा लागला की तरणी माणसंही घराबाहेर पडत नाहीत. एप्रिल ते जून वर्ग तुमच्याच हॉलमध्ये कूलरसमोर घ्या. पण बायकांच्या सवडीने घ्या, सासूबाईंच्या नाही. शेवटच्या घरची भांडी झाली आणि घरी जाऊन स्वतःचा स्वयंपाक करायचा आहे, यामधला अर्धा तास त्यांचा असतो. तेवढाच मागा. भोवळीचं मात्र डॉक्टरांना दाखव, बीपीच्या गोळीचं प्रमाण उन्हाळ्यात पुन्हा तपासून घ्यावं लागतं. आणि सासूबाईंना बसून शिकवू दे, फळ्यासमोर उभं राहायची सवय त्यांना मोडावी लागेल.

लाजेचं कारण पाटी आहे. मोठ्या बाईसमोर पाटी ठेवून 'अ अननसाचा' सुरू केलं की ती दुसऱ्या दिवशी येत नाही. जे तिला रोज अडवतं तिथून सुरुवात करा. 'आपली बस' या शहर बसवरची पाटी. मोबाइलमध्ये मुलीचा नंबर नावाने शोधणं. बँकेतली पैसे काढायची स्लिप. पोराच्या शाळेच्या डायरीत बाईंनी काय लिहिलं ते. स्वतःच्या वस्तीचं नाव बसवर ओळखता आलं की ती बाई आपणहून पुढचं विचारते, मग बाराखडी येते.

केंद्र सरकारचा 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 असा आहे, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. शिकवणारे स्वयंसेवकच असतात, मानधन नसतं. सासूबाईंची नोंद जवळच्या शाळेतून किंवा उल्लासच्या ॲपवरून होईल, आणि बायकांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळेल. ज्या बाईने जन्मभर अंगठा उठवला तिला ते प्रमाणपत्र फार मोठं वाटतं, भिंतीवर लावतात.

प्रश्न : दरवर्षी रक्तदान करायचो. यंदा 66 पूर्ण झाल्यामुळे शिबिरातून परत पाठवलं. तब्येत ठणठणीत आहे. कुणाशी बोलावं? (वाचक, सक्करदरा)

उत्तर : कुणाशीच नाही भाऊ, आपल्याकडे रक्तदानाला 65 ची मर्यादा आहे आणि ती तुमच्या भल्यासाठी आहे. पण शिबिर सोडू नका. उन्हाळ्यात कॉलेजांना सुट्ट्या लागतात, शिबिरं कमी होतात, आणि आपल्या विदर्भातल्या सिकलसेलच्या, थॅलेसेमियाच्या लेकरांना रक्त तेव्हाही लागतंच. तुमच्या गल्लीतल्या पाच पोरांना घेऊन जा. पहिल्यांदा देणारी पोरं रक्त दिल्यावर फुशारकीने लगेच उठतात आणि चक्कर येऊन पडतात. तुम्ही खाटेजवळ बसा, त्यांना पडून राहायला लावा, सरबत पाजा, गप्पा मारा. चेहरा पांढरा पडला, घाम आला, तर पाय उंच करा आणि डॉक्टरांना हाक मारा. इतकी वर्षं रक्त दिलेल्या माणसाने सांगितलं की पोरं ऐकतात.