जुन्या स्वराजचं इंजिन आत्ताच बांधून घ्यावं की हंगाम काढून मग?

दादा, तुमचा ट्रॅक्टर स्वराज 735, साल 1999. सकाळी सेल्फवर लवकर उचलत नाही, उसाची ट्रॉली घेऊन चढ लागला की निळा धूर टाकतो आणि आठवड्याला लिटरभर ऑइल पितो. मेस्त्री म्हणतोय लगेच खोला, तुम्हाला मात्र गाळप हंगाम उरकून उन्हाळ्यात काम काढायचंय. सांगलीकडे माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे आणि हा प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या आसपास कोणीतरी विचारतोच.

काम पुढं ढकलता येईल की नाही, हे धुरावरून ठरवू नका. ऑइल प्रेशरवरून ठरवा.

इंजिनाची झीज दोन जागी होते. वर लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), पिस्टन, रिंगा. खाली क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याची बेअरिंगं. वरचा भाग झिजला की ताकद कमी होते, ऑइल जळतं, डिझेल जास्त लागतं. त्रास आहे, खर्च आहे, पण ऑइलची पातळी रोज बघून भरत राहिलात तर असं इंजिन एक हंगाम निघून जातं. लायनर आज बदला नाहीतर चार महिन्यांनी, किट तेच आणि पैसे साधारण तेवढेच. खालच्या भागाचं तसं नाही. बेअरिंग गेलं की क्रँकवर चरे पडतात, आणि तसंच ओढत राहिलं तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडतो. तेव्हा मग इंजिन बांधायचं काही उरत नाही, ब्लॉकच शोधत फिरावं लागतं.

म्हणून पहिलं काम हे. जुन्या डॅशबोर्डच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी साधा यांत्रिक गेज लावायला सांगा. तासभर लोडवर काम करून इंजिन चांगलं तापू द्या आणि मग बघा. माझा अंदाजाचा हिशोब असा: गरम इंजिन, स्लो रेसवर (पाय न देता नुसतं चालू) 1 किलोच्या (गेजवरचं kg/cm²) आसपास, रेस वाढवल्यावर 3 किलो किंवा वर, तर हंगाम काढा. स्लोवर काटा अर्ध्या किलोच्या खाली आणि रेस देऊनही 2 च्या वर जात नसेल, तर ट्रॉली जोडू नका. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, तो मिळाला तर तोच धरा.

प्रेशर कमी दिसलं म्हणजे बेअरिंगच गेलं, असंही लगेच समजू नका. ऑइलची काडी काढून वास घ्या. डिझेलचा वास येत असेल, ऑइल पातळ झालं असेल किंवा पातळी आपोआप वाढत असेल, तर फीड पंपातून किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल खाली उतरतंय. आधी ते दुरुस्त करा, नवीन ऑइल भरा आणि परत मोजा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय, मग हंगामाचा विषयच सोडा. पुढच्या वेळी ऑइल फिल्टर बदलाल तेव्हा जुन्याचा कागद उलगडून उन्हात बघा. तांबूस चमकणारे कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर निघून गेलाय.

आता धूर. लोड घेताना सतत निळा धूर असेल तर बहुतेक रिंगा आणि लायनर. पण बराच वेळ स्लोवर उभा ठेवून रेस दिल्यावर एकच निळा भपका येऊन धूर थांबत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. तेवढ्यासाठी फक्त हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावं लागतं, पूर्ण इंजिन नाही. सकाळच्या पांढऱ्या धुराला डिझेलचा वास असेल तर नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतं ते) तपासून घ्या, ते स्वस्तातलं काम आहे. सकाळी उचलत नाही त्यात बॅटरी, अर्थिंगची केबल आणि सेल्फचाही हात असतो. इंजिन हळू फिरलं की चांगल्या कॉम्प्रेशनचं डिझेल इंजिनही पेट घेत नाही.

खात्री करायची तर नोझल काढून तिन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाते तो दाब) मोजा. तिघांचे आकडे जवळजवळ हवेत. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा (चमचाभरच, जास्त नको). आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एवढं न मोजता कोणी थेट "फुल इंजिन" सांगत असेल तर दुसऱ्याला दाखवा.

इंजिन खोलायच्या आधी आणखी एक गोष्ट शोधा, आणि यावर मी गिऱ्हाइकांशी भांडतो: ते झिजलं कशानं? आपल्याकडे बहुतेक वेळा धुळीनं. रोटाव्हेटर आणि मळणीच्या दिवसांत एअर क्लीनरमधलं ऑइल रोज बघायला हवं, आणि त्यात गाळ साचला की लगेच बदलायला हवं. त्याहून वाईट म्हणजे क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंत जाणारा रबरी पाइप चिरलेला किंवा त्याची क्लिप ढिली. तिथून गाळणीशिवाय माती आत जाते आणि रिंगा-लायनर घासणीनं घासल्यासारखे खाते. पाइप काढून आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर कारण सापडलं. ते तसंच ठेवून नवं किट टाकलं तर तेही बघता बघता जाईल.

"नुसत्या रिंगा टाकून देतो, स्वस्तात होईल" हे ऐकू नका. झिजलेला लायनर अंडाकृती होतो, वर कडा तयार होते. नवी रिंग त्यात बसत नाही, कधी त्या कडेवर आपटून तुटते. लायनर गेजने मोजावा, मापाबाहेर गेला असेल तर लायनर-पिस्टन-रिंगा एकत्रच बदलाव्या. क्रँक लेथवाल्याकडं मोजून घ्या. जुनी बेअरिंगं परत मागा आणि पाठीवरचा आकडा वाचा: 0.25 (मि.मी.) म्हणजे क्रँकचं आधी एकदा ग्राइंडिंग झालंय, 0.50 म्हणजे दोनदा. पुढचं माप किती शिल्लक आहे ते त्यावरून कळतं.

ट्रॅक्टर खर्चाच्या लायकीचा आहे का? माझं मत, सगळा खर्च त्याच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यात बसत असेल आणि गिअरबॉक्स, हायड्रॉलिक धड असेल तर बांधा. जुना दुसरा घेतला तर त्याच्या पोटात काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं, स्वतःचा माहीत असतो. स्वराजचे पार्ट सगळीकडे मिळतात. एचएमटी असता तर मी विचार करायला सांगितलं असतं, कारण 2016 मध्ये सरकारनं तो ट्रॅक्टर विभागच बंद करायचा निर्णय घेतला आणि पार्ट शोधावे लागतात. आरसी बघून घ्या, 15 वर्षांनंतर नूतनीकरण 5-5 वर्षांचं असतं.

प्रेशर ठीक निघालं तर कारखान्याचा हंगाम संपल्यावर काम काढा. दसऱ्याच्या तोंडावर सगळ्यांची गर्दी असते, घाईत मापं घेतली जात नाहीत. बांधून झाल्यावर दिवसभर नुसता स्लोवर उभा ठेवू नका, त्यानं रिंगा बसत नाहीत. पहिले दिवस हलकी-मध्यम कामं द्या, पूर्ण भरलेली ट्रॉली नको. हेडचे बोल्ट परत आवळायचे का ते गॅस्केटवर अवलंबून आहे, मेस्त्रीला विचारा. पहिलं ऑइल आणि फिल्टर 50 तासांत बदला.

गेज लावून आकडा आला की इथंच कळवा, गरम इंजिनाचा स्लोवरचा आणि रेसवरचा, दोन्ही.