सासऱ्यांची जुनी विंचेस्टर

प्रश्न: माझे सासरे मोंटानात गुरांचे डॉक्टर होते. एका रँचवाल्या शेजाऱ्याने त्यांना विंचेस्टर या अमेरिकन कंपनीची, खालचा दांडा (लिव्हर) खाली-वर करून काडतूस भरायची जुनी रायफल भेट दिली होती. बंदुकीच्या घोड्यामागच्या पट्टीवर ‘मॉडेल १८७३’ असं कोरलंय. नळी अष्टकोनी आहे, २४ इंच. काळा रंग उडून ती सगळी तपकिरी झालीय. लाकूड ओरखड्यांनी भरलंय आणि दस्त्यावर कुणीतरी दोन अक्षरं कोरलीत. दुकानदार चारशे डॉलर देतो म्हणाला, ‘साफ करून आणलीत तर थोडे जास्त.’ यजमान स्टील वूल (बारीक तारेची घासणी) आणून तयार आहेत. किती किंमत धरावी?
— एक वाचक, मोंटाना

उत्तर: ताई, यजमानांना स्टील वूल आजच्या आज उचलून ठेवायला सांगा. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल.

कारखान्यातून निघताना ही नळी निळसर काळी होती. घाम, ओलावा, तेल आणि हाताळणी यांनी तो थर हळूहळू जांभळट तपकिरी होत जातो. तुम्हाला जो रंग कळकट वाटतोय, त्यावरूनच जाणकाराला कळतं की धातू कुणी घासलेला नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. माझी पहिली १८७३ अशी चकचकीत होती की मी घासाघीसही केली नाही. काही महिन्यांनी एका वयस्क संग्राहकाने माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाला, ‘गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी बघ.’ तळाशीही निळा रंग होता. म्हणजे आधी गंज चढला, मग कुणीतरी घासलं आणि वरून नवा रंग दिला. त्यानंतर एकेक गोष्ट दिसत गेली. नळीवरच्या अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत होत्या, स्क्रूंच्या भोवती बशीसारखा खोलगटपणा आला होता. विकताना निम्मेही पैसे परत आले नाहीत. विकणाऱ्याने एक शब्द खोटा सांगितला नव्हता आणि मीही काही विचारलं नव्हतं.

अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनची जुन्या हत्यारांसाठी प्रतवारी आहे, ती तुमच्या बाजूची आहे. मूळ रंग ८० टक्क्यांहून जास्त असेल तर ‘एक्सलंट’, ३० टक्क्यांहून जास्त असेल तर ‘फाइन’. पण रंग पूर्ण उडालेला असला तरी सगळे भाग मूळचे, धातू गुळगुळीत, कडा धारदार आणि अक्षरं स्पष्ट असतील, तर ती ‘व्हेरी गुड’मध्ये बसते. घासलेली किंवा पुन्हा रंगवलेली बंदूक त्याखाली, ‘गुड’मध्ये जाते. दुकानदाराने सांगितलेल्या सफाईने तुमची रायफल एक पायरी खाली उतरेल.

आता ती हातात घ्या. आधी नळी सुरक्षित दिशेला धरून लिव्हर उघडा आणि आत काडतूस नाही याची दोनदा खात्री करा, खालच्या काडतुसांच्या नळीतही. मग वर बघा. १८७३ला वर सरकणारं धुळीचं झाकण असतं, ते बऱ्याचदा हरवलेलं असतं. दस्त्याच्या टोकाशी लोखंडी पट्टीत छोटं दार आहे का, तेही पाहा. त्यामागे नळी साफ करायच्या सळीचे तुकडे ठेवायची जागा असते. ते आत सापडले तर आनंद माना. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील, तर बंदूक कुणीतरी अडाणीपणाने खोललेली आहे. शेवटी नळीत उजेड टाका. त्या काळच्या बंदुकीच्या काळ्या दारूची राख ओलावा धरते, त्यामुळे आत बहुधा खड्डे पडलेले असतील. खड्ड्यांनी किंमत उतरते, पण संपत नाही. नळी कापून आखूड केलेली असेल, तर मात्र फार फरक पडतो.

पुढच्या लाकडावर हात फिरवा. एका ठिकाणी झिजून खळगा झालेला लागला, तर ती बहुधा खोगिरावरची झीज आहे. वर्षानुवर्षं स्वाराने ती मांडीसमोर आडवी ठेवलेली असणार. असा खळगा मी कधी भरून घेतला नाही, घेऊही देणार नाही. कोरलेल्या अक्षरांनी एरवी भाव पडतो. ती कुणाची हे शेजाऱ्याच्या घरच्यांना ठाऊक असेल, तर त्यांच्याकडून सहीनिशी लिहून घ्या. तोंडी गोष्टीला लिलावात कुणी पैसे देत नाही.

१८७३ सुमारे सात लाख वीस हजार बनल्या, म्हणून नुसत्या दुर्मीळपणाचा भाव तिला मिळत नाही. सगळा खेळ अवस्थेचा आणि मूळपणाचा आहे. लिव्हर खाली केली की खालच्या पट्टीवर नंबर दिसेल, तो टिपून घ्या. वायोमिंगमधल्या कोडी गावी बफेलो बिल सेंटरचं बंदुकांचं संग्रहालय आहे, विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या तिथे आहेत. फी भरली की ते पत्र देतात. तुमच्या नंबरची रायफल कोणत्या कॅलिबरची (म्हणजे नळीच्या छिद्राच्या मापाची), कोणत्या नळीची, गोदामात कधी जमा झाली, हे नोंदीत असेल तसं त्यात येतं. नोंद आणि हातातली बंदूक जुळली, की गिऱ्हाईकाचा अर्धा संशय मिटतो. १८९८ किंवा त्याआधीची ठरली तर केंद्रीय कायद्याने ती ‘अँटिक’, म्हणजे पुराणवस्तू. तरी विकण्याआधी तुमच्या राज्याचे नियम विचारून घ्या.

आकड्याचं म्हणाल तर फोटो न पाहता मी सांगणार नाही. पूर्ण आणि न घासलेली असेल तर चारशे मला फार कमी वाटतात. दुकानदाराला त्याचा नफा काढायचाच असतो, त्यात गैर नाही. पण तुम्ही लिलावात *विकल्या गेलेल्या* १८७३चे भाव पाहा, मागितलेले नव्हे, आणि लिलावगृहाचं कमिशन वजा करा.

यजमानांना काही करायचंच असेल, तर मऊ सुती फडक्यावर हलकं तेल घेऊन धातू पुसू द्या. लाकडाला तेल लावू नका. गोळी झाडून पाहायचा मोह आवरा. दोन्ही पट्ट्यांचे आणि नळीवरच्या अक्षरांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा.