'रोबो' हा शब्द मूळचा कुठला, आणि माणसासारखं न दिसणाऱ्या यंत्राला यंत्रमानव का म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा: शेंद्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या यंत्राला सगळे रोबो म्हणतात, पण तो तर नुसता एक हात, मग यंत्रमानव कसा?

'रोबो' या शब्दाचा दिसण्याशी संबंधच नाही. मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे वेठ: जमीनदाराच्या शेतात कुळानं फुकट राबायचं. बोहेमियात (आजच्या चेक देशाचा भाग) १६८० च्या फर्मानानं ही वेठ आठवड्याला तीन दिवसांवर आणली, आणि १८४८ मध्ये ती बंद झाली. काही जण 'सालगडी' असा अर्थ सांगतात, तो चूक आहे. सालगड्याचं साल पाडव्याला बोलून ठरतं, त्याचे पैसे ठरतात. वेठीत असं काही ठरवायची सोयच नसते. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना माहीत असलेली निजामी अमलातली वेठबिगार, तोच खरा जवळचा अर्थ.

'रोबोट' हे रूप चेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर.यू.आर.' या १९२० च्या नाटकातलं. शब्द मात्र त्यांचा नव्हे. कृत्रिम कामगारांना 'लाबोरी' म्हणावं असं त्यांच्या मनात होतं, पण ते फार पुस्तकी वाटलं. तेव्हा त्यांचे चित्रकार भाऊ योसेफ यांनी 'रोबोट' सुचवलं. हे श्रेय कारेल यांनीच १९३३ मध्ये जाहीर दिलं, तरी आजही बऱ्याच ठिकाणी एकट्या कारेल यांचं नाव छापतात. योसेफ यांच्यावर हा अन्यायच आहे. शिवाय नाटकातले रोबोट लोखंडी नाहीत. रासायनिक लगदा मळून, शिरा-आतडी वेगळी विणून बनवलेले ते हाडामांसाचे कामगार आहेत.

लोखंडी हाताला हे नाव पुढे चिकटलं. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या कारखान्यात 'युनिमेट' नावाचा यांत्रिक हात बसला, साच्यातून निघालेले तापलेले भाग उचलायला.

आज कारखान्यात रोबोट कशाला म्हणायचं, याची व्याख्या ठरलेली आहे: किमान तीन अक्ष (म्हणजे वळण्या-सरकण्याच्या स्वतंत्र दिशा), प्रोग्राम बदलता यायला हवा, आणि एकाच कामाला जखडलेला नको. वेल्डिंगच्या हाताला साधारण सहा अक्ष असतात. टूल बदलून तोच हात माल उचलायलाही लावता येतो, म्हणून तो रोबोट. एकच भोक पाडणारी एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं खास यंत्र) कितीही आपोआप चालली तरी रोबोट नाही. सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं कातकामाचं यंत्र, तीही नाही. तिचा प्रोग्राम बदलतो, पण काम धातू कापण्याचंच राहतं.