प्रमोशन गेलं, आता पुस्तकं कामाची का?

प्रश्न: भाऊ, ऑफिसमध्ये मला डावलून ज्युनिअरला प्रमोशन दिलं, रात्री झोप नाही लागून राहिली. मित्र म्हणतो एपिक्टेटस वाच, ज्ञानेश्वरी वाच. अशा वाचण्यानं खरंच काही होते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: दादा, होते, पण सगळं एकदम वाचायला घेऊ नका. एपिक्टेटस रोमन काळातला तत्त्वज्ञ, जन्मानं गुलाम, त्यानं स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही, शिकवलेलं एरियन नावाच्या शिष्यानं उतरवून घेतलं. त्यातूनच झालेल्या ‘एन्कायरिडियन’ या छोट्या पुस्तकाची सुरुवातच अशी की काही गोष्टी आपल्या हातात, काही नाही, आणि हातात नसलेल्यांच्या यादीत शरीर, पैसा, नाव यांच्यासोबत चक्क हुद्दाही आहे! तुमचंच दुखणं आहे ना हे? पण म्हणून गप्प बसा असा अर्थ मी तरी काढत नाही, कारण साहेबांना मेल टाकून कारण विचारणं हे तुमच्याच हातात आहे, ते उद्याच करा, उत्तर काय येते ते त्यांच्याकडे.

ज्ञानेश्वरी १२९० ची, ओव्या नऊ हजारांच्या आसपास, म्हणून पहिल्या पानापासून सुरू केलं की लोकं मध्येच सोडतात. तुम्ही सरळ बारावा अध्याय काढा, लहान आहे, निंदा आणि स्तुती सारखी मानणारा माणूस कसा असतो ते त्यात येते. अर्थासहित प्रत घ्या, खापरीहून सीताबर्डीला मेट्रोनं येता-जाता चार-पाच ओव्या आरामात होतात. आणि झोप तरीही नाहीच आली तर डॉक्टरला दाखवा, ते पुस्तकावर ढकलू नका.