‘नो-कॉस्ट’ हप्त्यांचे २,१४७ रुपये

प्रश्न : मी फोंड्यात आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. महिन्याला २८,००० येतात, घरखर्च १९,०००. शिल्लक म्हणाल तर ९०,००० ची एकच एफडी. दुकानात ११.६ इंची टचस्क्रीन लॅपटॉप पाहिला. पडदा पूर्ण मागे फिरतो, त्यावर लिहिता येतं, पिशवीत मावतो; बघताक्षणी आवडला. ४ जीबी रॅम, १२८ जीबी ईएमएमसी (म्हणजे फाइली साठवायची साधी, मंद चिप). किंमत ३६,०००. रोखीने ३४,५००, नाहीतर ४,००० चे नऊ नो-कॉस्ट हप्ते. जुना लॅपटॉप फार रखडतो. त्यात एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा जलद डिस्क) आणि रॅम घालायचे ६,५०० सांगितलेत. एफडी मोडू की हप्ते घेऊ?

उत्तर : ताई, दोन्ही नको. आधी हप्त्यांचं बघू. नो-कॉस्टमध्ये बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट दुकान किमतीत दाखवतं. क्रेडिट कार्डाचा दर १६ टक्के धरला तर ३६,००० मधलं व्याज साधारण २,२८७ रुपये. ते सुटतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१२ रुपये, तुमच्याच खात्यातून जातो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासकट २३५. शिवाय रोखीची १,५०० ची सूट हुकली. एकूण २,१४७. मुद्दल दरमहा कमी होत जातं हे लक्षात घेतलं तर हा दर वर्षाला १५ टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यात दहावीची मुलं परीक्षेनंतर जातात. मे महिन्यात फी अर्धी आणि हप्ता मात्र पुरा.

एफडीतून ३४,५०० काढले तर हातात ५५,५०० उरतात, म्हणजे तीन महिन्यांचाही खर्च निघत नाही. शिकवण्यांवर चालणाऱ्या घराला हे फार थोडं. ‘पक्कं बिल घ्या, कर वाचेल’ असं दुकानदार म्हणाला असेल, तर ते तुम्हांला लागू नाही. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, आणि वर्षाचे ३,३६,००० नव्या आयकर पद्धतीच्या ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेत बसतात. जिथे करच नाही तिथे तो वाचणार कुठून!

आता यंत्राकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. या वर्गातल्या लॅपटॉपांत रॅम आणि ईएमएमसी बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेले असतात, पुढे वाढवता येत नाहीत. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे तुम्ही पहिल्या दिवसापासूनच काठावर. दुकानात एकच खिडकी उघडी असते, म्हणून ते चपळ वाटतं. तुमच्या तासाला व्हिडिओ कॉल, पीडीएफ आणि लिहायचा फळा अशी तीन कामं एकदम चालतील. तेव्हा रॅम भरते, विंडोज डेटा ईएमएमसीवर ढकलू लागतं आणि पेनाची रेघ हातामागून येते. समीकरण सोडवताना हे फार जाचतं.

बोटाने लिहिणं वेगळं आणि पेनाने वेगळं. रबरी टोकाचं स्वस्त पेन म्हणजे बोटच. तळहात टेकला की पानभर रेघोट्या. अॅक्टिव्ह पेन (पडद्याला हातापासून वेगळं ओळखू येणारं) चालतं का आणि ते डब्यात येतं का, हे विचारलंत? बहुतेकदा ते वेगळं घ्यावं लागतं.

म्हणून जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर आधी पाहा : सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, म्हणजे आय३ पुढचा आकडा ८१३० वगैरे, तर शक्यतो विंडोज ११ चालेल. मग ६,५०० खुशाल घाला. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आली की रखडणं बरंचसं तिथेच संपतं. लिहायला तीन-चार हजारांचा यूएसबी पेन टॅब्लेट घ्या, म्हणजे लॅपटॉपला जोडायची पाटी; तिच्यावर लिहिलेलं पडद्यावर उमटतं. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, याला आठवडाभर वैतागाल; मग सवय होते. सगळं धरून दहा हजार, आणि एफडीत ८०,००० शिल्लक.

प्रोसेसर सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा निघाला तर ६,५०० घालू नका. त्यावर विंडोज ११ बहुधा चालणार नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मग नवाच लॅपटॉप घ्यायचा, पण घाई नको. तोच ४,००० चा हप्ता स्वतःच्या आरडीत भरा आणि रोखीने ८ जीबी रॅम व एसएसडी असलेला घ्या. मे महिन्यात एखादा हप्ता चुकला तरी कुणाचा फोन येणार नाही, फार तर बँक थोडा दंड लावेल.

फिरता पडदाच हवा असेल तर अपघाती नुकसानीचं संरक्षण जोडून घ्या. काच आणि टच चिकटवलेले असतात. एका चिरेला अख्खा पडदा बदलावा लागतो. साधी वॉरंटी हे भरत नाही, पावसाचं पाणी गेलेलंही नाही. पडदा कोपऱ्याला धरून उघडू नका, बिजागरीचे स्क्रू बसतात तिथलं प्लास्टिक तडकतं. आणि बिल करण्याआधी दुकानदाराला विचारा : दुरुस्ती पणजीत होते की यंत्र मुंबईला जातं? मुंबईला जात असेल तर तेवढे दिवस शिकवायला दुसरं काय वापराल, हेही ठरवून ठेवा.